बैलाची लचक : सांध्यांच्या बंधांची दुखापत व तिची निगा

गोदावरीच्या काठी वसलेल्या कोपरगाव तालुक्यात नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांमुळे बागायती शेती वाढली आणि तिच्याबरोबर ऊसही वाढला. साकरवाडी, कोळपेवाडी, सहजानंदनगर ही नावे साखर कारखान्यांमुळेच सर्वतोमुखी झाली. आज उसाच्या वाहतुकीसाठी ट्रॅक्टर व मालमोटारी वापरात आल्या असल्या, तरी गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे टायरच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यावर दिसतेच. ह्या गाड्यांपैकी पुष्कळशा बीड जिल्ह्यातून किंवा पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या ऊसतोडणी कुटुंबांच्या असतात. काही स्थानिक शेतकऱ्यांच्याही असतात.

अशा कुटुंबाची सारी मिळकत बैलजोडीवर अवलंबून असते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडावयाची ती ह्याच जोडीच्या बळावर. एका बैलाचा पाय लचकला की दुसराही बैल दावणीला उभा राहतो आणि गाडी थांबते. गाडी थांबू नये म्हणून लंगडणारा बैल तसाच जुंपला जातो. आठ-पंधरा दिवसांच्या विश्रांतीने बरी झाली असती अशी दुखापत त्यामुळे कायमची होते आणि कामाचा बैल लोणी किंवा घोडेगावच्या बाजारात मातीमोलाने विकण्याची पाळी येते. हे नुकसान बहुतांशी टाळता येण्यासारखे आहे. त्यासाठी सांधा कसा बांधलेला असतो, लचक म्हणजे नेमके काय, आणि सूज उतरल्यानंतरही बैलाला विश्रांती का द्यावी लागते, ह्या तीन गोष्टी शेतकऱ्याने समजून घेतल्या पाहिजेत.

सांधा कसा बांधलेला असतो

दोन हाडे जेथे एकत्र येतात व हलतात त्या जागेस सांधा म्हणतात. हाडांची टोके एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते व तिच्यात वंगणासारखा चिकट द्रव असतो. परंतु एवढ्याने हाडे जागेवर राहणार नाहीत. ती एकमेकांस बांधून ठेवण्याचे काम चिवट पांढऱ्या पट्ट्यांकडे असते. ह्या पट्ट्यांना अस्थिबंध किंवा नुसते बंध म्हणतात. बंध हाडाला हाडाशी बांधतो, तर कंडरा स्नायूला हाडाशी जोडते. मागच्या पायाच्या टाचेवर हाताला लागणारी धोंडशीर ही कंडरा होय.

बंधाची रचना अंबाडीच्या दोरासारखी असते. दोरात जसे अनेक धागे एकत्र वळलेले असतात, तसे बंधातही अगणित बारीक तंतू एका दिशेने रचलेले असतात. सांधा आपल्या ठरलेल्या दिशेने वाकतो तोवर बंधावर फारसा ताण पडत नाही. तो आडवा वाकला, पिळवटला किंवा मर्यादेबाहेर ताणला गेला, की बंधाचे तंतू तुटू लागतात.

बैलाच्या पायातील सांधे ओळखण्यासाठी आपल्या हातापायांशी तुलना करणे सोयीचे आहे. बैलाच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो तो वास्तविक माणसाच्या मनगटाच्या जागी आहे. मागच्या पायाचा मागे वळलेला टोकदार सांधा माणसाच्या टाचेच्या व घोट्याच्या जागी आहे. बैलाचा खरा गुडघा, ज्यावर वाटी असते, तो पोटाच्या कडेला मांडीखाली असतो. खुराच्या वरचा सांधा म्हणजे आपल्या बोटाच्या मुळाशी असलेला सांधा. थोडक्यात, बैल आपल्या दोन बोटांच्या टोकांवर चालतो आणि त्या टोकांवर नखांच्या जागी खूर असतात. एवढे मोठे शरीर व त्यामागे ओढावयाचे ओझे असा सारा भार अशा लहान सांध्यांवर पडतो.

लचक म्हणजे काय

शेतकरी ज्यास 'लचक भरली' किंवा 'पाय मुरगळला' असे म्हणतात, ती बहुधा सांध्याच्या बंधाची दुखापत असते. तिच्या तीन पायऱ्या मानल्या जातात.

१) सौम्य. बंध ताणला जाऊन थोडेच तंतू तुटलेले असतात. सूज अल्प असते. बैल पाय टेकतो, परंतु थोडा लंगडतो. सांधा दाबला असता दुखतो, पण घट्ट असतो.

२) मध्यम. बंधाचा काही भाग तुटलेला असतो. काही तासांत सूज येते, सांधा गरम लागतो, बैल पायावर पुरता भार देत नाही. सांधा हलविला असता किंचित सैल वाटतो.

३) तीव्र. बंध पूर्ण तुटलेला असतो. सांधा वेडावाकडा हलतो, बैल पाय उचलून धरतो. कधीकधी सांधा निखळतो किंवा बंधाबरोबर हाडाचा तुकडाही सुटून येतो. पहिल्या धक्क्यानंतर दुखणे कमी झाल्यासारखे वाटले, तरी त्याने फसू नये. बंधात ताणण्यास काही उरलेले नसले म्हणजे वेदना कमी होऊ शकते.

दुखापत कोठे व का होते

बैलाचा पाय सपाट डांबरी रस्त्यावर सहसा मुरगळत नाही. भरलेली गाडी उसाच्या फडातून बाहेर काढताना तो मुरगळतो. ह्याचे कारण साध्या हिशेबाने कळते.

बैल दिवसभर न थकता साधारणपणे आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा जोर लावू शकतो. प्रत्येकी ४०० किलो वजनाची जोडी असेल, तर तिचा सततचा जोर सुमारे ८० किलो धरावा. दोन टन भाराची टायरगाडी सपाट डांबरी रस्त्यावर ओढण्यास सुमारे ४० ते ६० किलो जोर पुरतो. म्हणजे जोडी आरामात चालते. तीच गाडी ओलसर काळ्या मातीत आली, की चाक रुतते आणि तिला हलविण्यास २०० ते ४०० किलो जोर लागू शकतो. वीस फुटांस एक फूट चढ असला, तर त्या चढासाठीच सुमारे १०० किलो जोर अधिक लागतो. मातीच्या स्थितीप्रमाणे हे आकडे कमी-अधिक होतील, परंतु प्रमाण ध्यानात यावे. फडाच्या तोंडाशी जोडीवर तिच्या नेहमीच्या ताकदीच्या तिप्पट ते पाचपट ताण पडू शकतो. बैल असा जोर काही क्षणच लावू शकतो आणि तोही हिसका मारून. अशा वेळी एक खूर ढेकळावरून किंवा पाटाच्या काठावरून घसरला, तर सारा जोर एका सांध्यावर आडवा पडतो.

कोपरगावच्या परिसरात लचकेची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आढळतात :

— तोडणीच्या आधी पाणी दिल्यामुळे फड ओला राहणे.
— बांध, पाट किंवा चारी ओलांडताना गाडी तिरपी होणे.
— अरुंद जागेत भरलेली गाडी एकाएकी वळविणे. वळणाच्या आतल्या बाजूच्या बैलाचा पाय जागेवरच पिळवटतो.
— कालव्याच्या पुलावरून उतरताना गाडी अंगावर येणे. मागच्या पायांनी भार रोखताना टाचेच्या व मांडीखालच्या सांध्यांवर ताण पडतो.
— पत्र्या झिजलेल्या, सैल झालेल्या किंवा वाकड्या ठोकलेल्या असणे.
— जोडीतील बैल उंचीने व ताकदीने विजोड असणे.
— रात्रीच्या अंधारात खड्डा न दिसणे आणि दमलेल्या जनावराचे पाय अडखळणे.

कारखान्याच्या आवारात तासन्‌तास जुवाखाली उभे राहणे हेही थकव्याचे मोठे कारण आहे. सांध्याला सावरण्याचे पहिले काम स्नायूंचे असते. स्नायू थकले की तो भार थेट बंधांवर येतो.

लंगडणे म्हणजे लचकच नव्हे

बैल लंगडला म्हणजे लगेच लचक समजून लेप लावण्यास धावू नये. गुरांच्या लंगडण्याचे कारण पुष्कळदा खुरातच असते. म्हणून तपासणी ठरलेल्या क्रमाने करावी.

प्रथम बैलाला सपाट जागेवर सावकाश चालवून पाहावे. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना बैल मान वर उचलतो व चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा चालताना अधिक वर-खाली होतो. पाय ठरला की खूर धुऊन दोन नख्यांमधील जागा पाहावी. खडा, काटा, खिळा, उसाच्या बुडख्याची जखम, सैल पत्री किंवा खुरात पू झाल्याची खूण आहे काय हे तपासावे. खुरात काही नसेल, तर खालून वर एकेक सांधा हाताने चाचपावा आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच सांध्याशी ताडून पाहावा. ऊब, सूज व दुखरी जागा अशी तुलनेनेच नीट कळते.

पुढील लक्षणे दिसल्यास ती लचक नव्हे असे समजून ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे :

— ताप, अंग आखडणे आणि आज एक पाय तर उद्या दुसरा पाय लंगडणे : हा तिवा असण्याचा संभव असतो.
— तोंडातून लाळ, तोंडात व नख्यांच्या बेचक्यात फोड : लाळ्या-खुरकूत.
— तरुण जनावरास जोराचा ताप, फऱ्यावर अगर मांडीवर सूज आणि ती दाबल्यास चरचर आवाज : फऱ्या. ह्या रोगात काही तासांचा विलंबही जिवावर बेततो.
— पाय लोंबकळणे, हाडाचा कटकट आवाज किंवा पायाचा आकारच बदलणे : हाड मोडणे अगर सांधा निखळणे.
— सांध्याजवळ जखम व तिच्यातून चिकट पाणी येणे : सांध्याची पिशवी उघडी पडल्याचे हे चिन्ह असून हे दुखणे गंभीर आहे.

गुरांचे स्वाभाविक तापमान साधारणपणे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. साध्या लचकेत ते फारसे वाढत नाही. म्हणून गावात एक तापमापक असणे फार उपयोगाचे ठरते.

पहिल्या दोन दिवसांतील उपचार

लचक भरली की बंधाजवळच्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. त्यामुळे आत रक्त व पाणी साचून सूज येते. पहिल्या ४८ तासांत ही सूज आवरणे हाच उपचाराचा हेतू असतो.

१) जागेवरच बैल जुवातून सोडावा. 'कारखान्यापर्यंत तेवढा जाऊ द्या' हा विचार सर्वांत महाग पडतो. अर्धवट तुटलेला बंध पुरता तुटतो तो ह्याच शेवटच्या टप्प्यात.

२) दुखऱ्या सांध्यावर थंड पाण्याची धार एका वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरावी. पाटाचे स्वच्छ वाहते पाणी असेल व उतार निसरडा नसेल, तर बैलाला त्यात उभे केले तरी चालते. बर्फ वापरावयाचा झाल्यास तो फडक्यात गुंडाळावा; कातडीवर थेट ठेवू नये.

३) सूज खुराच्या वरच्या सांध्याला किंवा पुढच्या गुडघ्याला असल्यास कापसाचा जाड थर देऊन त्यावर रुंद पट्टी खालून वर बांधावी. पट्टी आधारापुरती घट्ट असावी. दिवसातून दोनदा पाहावे. पट्टीच्या वर किंवा खाली सूज आली अगर खूर थंड पडला, तर ती लगेच सैल करावी.

४) बैलाला कोरड्या, मऊ, सपाट जागी ठेवावे. खाली पाचटाचा जाड थर पसरावा. दावे एवढे लांब असावे की त्यास सहज बसता-उठता येईल. दुसरी जनावरे जवळ बांधू नयेत.

५) सांधा सैल वाटत असेल, बैल पाय मुळीच टेकत नसेल किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, तर पशुवैद्यकास बोलवावे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

तीन दिवसांनंतर, सांध्यातील ऊब गेल्यावर, कोमट पाण्याचा शेक दिवसातून दोनदा द्यावा. त्यामुळे रक्ताभिसरण वाढून साचलेले पाणी शोषले जाते. हाच शेक पहिल्या दिवशी दिला, तर सूज वाढते. गुण शेकाला नसून वेळेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

बिब्बा, डाग आणि वेदनाशामक औषधे

लचकेवर बिब्बा घालण्याची व तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची चाल जुनी आहे. ह्या उपायांनी बैलाला कधीकधी बरे वाटल्याचे दिसते, त्यामुळे लोकांचा त्यांवर विश्वास बसला आहे. परंतु त्यात खरे काय घडते हे पाहिले पाहिजे. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात, डागाने जखम होते. त्या वेदनेमुळे बैल काम करू शकत नाही आणि धन्यास त्याला नाइलाजाने काही दिवस सोडून द्यावे लागते. गुण आला असेल तर तो त्या सक्तीच्या विश्रांतीचा. तीच विश्रांती जनावराला न भाजता देता येते. शिवाय जखमेत पू होणे, अळ्या पडणे व सांध्यापर्यंत दोष जाणे हे धोके निराळेच. जोराने चोळणे व सांधा 'बसविण्यासाठी' ओढणे हेही पहिल्या दिवसांत अपायकारक आहे.

वेदनाशामक औषधांविषयी विशेष सावधगिरी हवी. औषधाने वेदना थांबते, बंध जोडला जात नाही. वेदना ही जनावराची राखण आहे. ती दडपून बैल जुंपला, तर त्यास दुखापत कळत नाही व तुटलेला बंध आणखी तुटतो. दुसरी गोष्ट कायद्याची. डायक्लोफेनॅक हे औषध जनावरांसाठी वापरण्यास भारतात २००६ साली बंदी झाली. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवर २०२३ साली तशीच बंदी आली. ही औषधे दिलेले जनावर मेले व गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होण्याचे प्रमुख कारण डायक्लोफेनॅक हेच ठरले. म्हणून माणसाच्या औषधाच्या दुकानातून गोळी किंवा इंजेक्शन आणून बैलास देऊ नये. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना अपाय न करणारे औषध उपलब्ध आहे. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व त्याने ठरविलेल्या मात्रेतच द्यावे.

सूज उतरली तरी बंध सांधलेला नसतो

लचकेच्या निगेत सर्वांत अधिक चूक होते ती येथे. सूज आठ-दहा दिवसांत उतरते, बैल बरा चालू लागतो, आणि धनी त्यास गाडीला जुंपतो. परंतु कातडीच्या जखमेप्रमाणे बंध लवकर भरून येत नाही, कारण त्यास रक्ताचा पुरवठा फार थोडा असतो.

बंध भरून येण्याचे काम तीन टप्प्यांत चालते. पहिले काही दिवस सूज व दाहाचे असतात. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांपर्यंत तुटलेल्या जागी नवे तंतू तयार होतात; पण ते पिंजलेल्या अंबाडीसारखे अस्ताव्यस्त असतात आणि त्यांत बळ नसते. तिसऱ्या टप्प्यात हे तंतू ताणाच्या दिशेने रचले जाऊन हळूहळू दोर वळला जातो. ह्या कामास कित्येक महिने लागतात. म्हणजे बैल लंगडायचा थांबतो तेव्हा त्याच्या सांध्यात दोर नसून केवळ पिंजण असते. त्याच दिवशी त्यास ओल्या फडातून दोन टनांची गाडी ओढावयास लावणे म्हणजे ती पिंजण हिसका मारून तोडणे होय. असे दोन-तीनदा झाले की सांधा कायमचा सैल होतो, कूर्चा झिजते, हाड वाढते आणि बैल जन्माचा अधू होतो.

उलटपक्षी बैलाला महिनोन्‌महिने एका जागी बांधून ठेवणेही योग्य नाही. तंतू नीट रचले जाण्यासाठी त्यांना बेताचा ताण हवा असतो. म्हणून विश्रांतीनंतर पायरीपायरीने हालचाल वाढवावी. मध्यम लचकेसाठी पुढील क्रम मार्गदर्शक मानावा :

पहिला व दुसरा आठवडा : पूर्ण विश्रांती.
तिसरा व चौथा आठवडा : दोरीने धरून सपाट, मऊ जमिनीवर सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे चालविणे, मग वेळ हळूहळू वाढविणे.
पाचवा व सहावा आठवडा : अर्धा-पाऊण तास चालणे, जवळपास चरणे.
सातवा आठवडा : रिकामी गाडी, सपाट रस्ता, थोडे अंतर.
आठव्या आठवड्यापासून : अर्धे ओझे, केवळ पक्क्या रस्त्यावर. पूर्ण ओझे व फडातील काम त्यानंतरच.

प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा पाहावा. ऊब, सूज किंवा लंगड पुन्हा दिसली, तर एक पायरी मागे यावे. सौम्य लचकेत हा सारा क्रम दोन-तीन आठवड्यांत आटोपतो. तीव्र दुखापतीत मात्र कित्येक महिने लागतात व बैल पुन्हा जड कामास येईलच असे नाही. त्याचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा.

आठ आठवडे गाडी थांबविणे तोडणी कुटुंबास परवडणारे नाही, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर मार्ग आहे. आपल्या खेड्यांतून सावडीची चाल पूर्वीपासून चालत आली आहे. टोळीतील चार-सहा गाडीवानांनी हंगामाच्या आरंभीच ठरवून घ्यावे की कोणाचा बैल अधू झाल्यास इतरांनी पाळीपाळीने बैल द्यावा किंवा त्याचा ऊस आपल्या गाड्यांतून वाहावा. बैल विकून नवा घेण्यास लागणारी रक्कम आणि सावडीत द्यावे लागणारे दिवस ह्यांची तुलना केली, तर सावडच स्वस्त पडते.

वाटी अडकणे : एक निराळे दुखणे

काही बैलांचा मागचा पाय चालताना एकाएकी मागे ताठ होतो, खूर जमिनीवर फरफटत जातो आणि मग झटक्यासरशी पाय पुढे येतो. पुष्कळ लोक ह्यास लचक समजून लेप लावतात. वास्तविक हे वाटी अडकण्याचे दुखणे आहे. मांडीखालच्या सांध्यावरील वाटी तीन बंधांनी खालच्या हाडाशी बांधलेली असते. त्यांपैकी आतल्या बाजूचा बंध मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकून बसला, की पाय वाकत नाही.

ह्यावर लेप, शेक वा डाग यांचा उपयोग होत नाही. पशुवैद्यक जागा बधिर करून तो आतला बंध लहानशा शस्त्रक्रियेने छेदतो. काम थोड्या मिनिटांचे असते व बहुतेक बैलांचा पाय तत्काळ मोकळा होतो. त्यानंतर जखम भरेपर्यंत विश्रांती द्यावी. एका दुखण्यात बंध जपावयाचा, तर दुसऱ्यात तो कापावयाचा, असा हा फरक आहे. म्हणूनच उपचारापूर्वी निदान व्हावे लागते.

लचक होऊ नये म्हणून

— फडातून निघताना गाडी निम्मी भरावी व उरलेला ऊस पक्क्या रस्त्यावर आणून भरावा, किंवा फडाच्या तोंडाशी जादा जोडी लावावी. वर दिलेल्या हिशेबावरून ह्याचे महत्त्व पटेल.
— गाडी निघण्याच्या वाटेवर पाट बुजवून पाचट पसरावे. तोडणीच्या पुरेसे आधी पाणी तोडल्यास वाट टणक राहते.
— रुतलेल्या गाडीत बैलास मारून हिसके देण्यास लावू नये. आधी चाकापुढील माती काढावी. पराणीची आर टोचू नये.
— पत्र्या वेळेवर बदलाव्यात, खुरांची वाढ कापून घ्यावी. अकोल्याच्या डोंगराळ भागातील डांगी बैलाचे खूर टणक म्हणून प्रसिद्ध आहेत, तरी डांबरी रस्त्यावर रोज चालणाऱ्या कोणत्याही बैलास पत्र्या आवश्यकच.
— जोडी शक्यतो सारख्या उंचीची व वयाची निवडावी.
— उतारावर गाडी रोखण्यासाठी ब्रेक किंवा अडकणीची सोय असावी.
— ओढकामाच्या जनावरांसंबंधी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनुसार त्यांच्याकडून दिवसातून एकूण नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही; तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर दुपारी बारा ते तीन काम बंद ठेवावे लागते. बैलाच्या वजनाप्रमाणे ओझ्याची मर्यादाही त्यांत घालून दिली आहे.
— हंगामात बैलांना केवळ उसाचे वाढे खाऊ घातले जाते. वाढ्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीराला चुना कमी मिळतो व हाडे अशक्त होतात. म्हणून वाढ्याबरोबर कडबा व पेंड द्यावी आणि रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे.

गाडीवानाने आपलाही पाय जपावा

बैलाच्या सांध्यास जो नियम, तोच माणसाच्या सांध्यास. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना किंवा भरलेल्या गाडीवरून उडी मारताना घोटा मुरगळणे ही तोडणी कामगारांची नेहमीची दुखापत आहे. बहुधा घोट्याच्या बाहेरील बाजूचे बंध दुखावतात. काम थांबविणे, थंड पाण्याच्या पट्ट्या, आधाराची पट्टी व पाय उंच ठेवणे हा पहिला उपचार. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास तीव्र दुखत असेल, तर हाड मोडल्याची शंका घेऊन सरकारी रुग्णालयात क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. स्त्री कामगार मोळ्या वाहण्याचे काम बरोबरीने करतात. त्यांची दुखापत 'आपोआप बसेल' म्हणून मागे टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा पाठ हंगाम सुरू होण्यापूर्वी शेतकऱ्यांना व तोडणीचा तळ पडल्यावर तेथील गाडीवानांना द्यावा. नुसते व्याख्यान न देता एक सुदृढ बैल उभा करून सांधे हाताने दाखवावेत, कापूस व पट्टी प्रत्यक्ष बांधून दाखवावी आणि जुन्या दोराचे टोक उलगडून बंधाची रचना समजावून द्यावी. शेवटी पुढील प्रश्न विचारावेत :

१) बैल लंगडल्यास प्रथम कोणता भाग तपासाल?
२) पहिल्या दोन दिवसांत थंड पाणी का व शेक का नाही?
३) वेदनाशामक देऊन बैल जुंपल्यास काय होते?
४) सूज उतरल्यावर लगेच पूर्ण ओझे का देऊ नये?
५) तुमच्या टोळीत अधू बैलासाठी सावडीची काय व्यवस्था आहे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तेथेच, सर्वांसमक्ष ठरवून घ्यावे. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे माहीत असूनही सावडीची व्यवस्था नसली, तर गाडीवानास लंगडा बैल जुंपावाच लागतो. ती व्यवस्था झाली म्हणजे बैलाला विश्रांती मिळते आणि दुखावलेल्या बंधास सांधण्यास अवसर मिळतो.